संवेदनांच्या गोंधळात सापडलेली मुले आणि व्यवसायोपचार

प्रत्येक शाळेत एखाददुसरे मूल असे असते की, त्याच्याविषयी शिक्षकांचे मत पहिल्या पंधरवड्यातच पक्के होऊन जाते. घंटा वाजली की ते कानांवर हात ठेवते. रांगेत मागच्याचा हात लागला की वळून फटका मारते. खिचडीतला वाटाणा जिभेला लागताच ओकारी काढते. नव्या गणवेशाची कॉलर टोचते म्हणून दिवसभर मान चोळीत बसते. याच्या उलट दुसरे एखादे मूल घटकाभरही एका जागी टिकत नाही. ते बाक हलवीत राहते, पेन्सिल चावते, भिंतीवर अंग टाकते आणि गुडघा फुटून रक्त आले तरी त्याच्या ते ध्यानीमनी नसते. पहिल्याला ‘लाडावलेला’ आणि दुसऱ्याला ‘द्वाड’ अशी विशेषणे चिकटतात. घरी आईच्या माथी वळण न लावल्याचा ठपका येतो. तिसरी-चौथीपर्यंत हे मूल मागच्या बाकावर जाते, आणि पुढे शाळेच्या पटावरून त्याचे नाव कधी कमी झाले हेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

हट्ट, लाड, बेशिस्त एवढ्या शब्दांत हे वर्तन सांगून संपते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः पुष्कळदा त्याचे मूळ स्वभावात नसून, बाहेरून व शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना मेंदू कशा स्वीकारतो आणि त्यांची जुळणी कशी करतो, यात असते. अशा मुलांचे, आणि मोठ्यांचेही, रोजचे जगणे सुकर व्हावे म्हणून साहाय्य करणारी आरोग्यसेवेची एक शाखा आहे. तिला व्यवसायोपचार म्हणतात. राज्यातील शासकीय व महापालिकांच्या महाविद्यालयांतून या शाखेचा अभ्यास पुरा करणाऱ्यांना पदवी मिळते ती नाशिकजवळ म्हसरूळ येथील, १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पदवी नाशिकची, परंतु याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर या उपचाराचे नाव क्वचितच कानी पडते.

पाच नव्हे, आठ

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पंचेंद्रिये आपण शाळेत शिकतो. तथापि, मुलाची चाल, बसणे, लिहिणे आणि खाणे ज्यांवर अवलंबून असते अशा आणखी तीन जाणिवा आहेत आणि त्यांची ओळख शिक्षकांनी अवश्य करून घ्यावी अशी आहे.

पहिली तोलाची. आतल्या कानातील सूक्ष्म नलिकांमधील द्रव डोक्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर हलतो आणि डोके कोणत्या दिशेला, किती वेगाने वळले याची वर्दी मेंदूला देतो. झोपाळ्यावर बसताच भेदरणारे मूल आणि तासभर गरगर फिरूनही ज्याला चक्कर येत नाही असे मूल, ही दोन्ही या जाणिवेची दोन टोके होत. दुसरी जाणीव स्नायू आणि सांधे यांची. भाकरी थापणारी बाई हाताचा दाब कधी मोजीत नाही. तो तिच्या स्नायूंना ठाऊक असतो. अंधारात पाऊल नेमके पायरीवर पडते तेही याच जाणिवेमुळे. ही जाणीव मंद असली की मूल पेन्सिलीचे टोक वारंवार मोडते, मित्राच्या पाठीवर प्रेमाने थाप मारायला जाते आणि त्याला लागते. तिसरी जाणीव शरीराच्या आतली: भूक, तहान, पोट भरणे, लघवीची भावना, अंगातला ताप. सात-आठ वर्षांचे मूल वर्गात कपडे ओले करते तेव्हा ते दर वेळी निष्काळजीपणा करीत असते असे नव्हे. वर्दीच उशिरा पोचली असेल, तर ते काय करणार?

या आठही वाटांनी येणारा मजकूर मेंदूत सतत गोळा होत असतो. त्यातला बहुतेक भाग बाजूला सारणे आणि कामाचा तेवढा पुढे पाठविणे, हे मेंदूचे काम. वर्गात बसलेल्या सामान्य मुलाला पंख्याची घरघर, बाहेरून जाणारा ट्रॅक्टर, कमरेचा करगोटा आणि शेजाऱ्याच्या डब्यातील लोणचे या साऱ्यांची जाणीव होते. परंतु ती मागे पडते आणि बाईंचा आवाज पुढे येतो. काही मुलांच्या बाबतीत हे मागे पडणे घडतच नाही. ट्रॅक्टर, करगोटा, लोणचे आणि बाईंचा आवाज ही सर्व एकाच जोराने त्यांच्यावर आदळतात. असे पाच तास बसून घरी आलेले मूल दप्तर फेकून देऊन आक्रोश करू लागले, तर त्यात नवल काय?

उंबरठ्याची उंची

अमेरिकेतील व्यवसायोपचार-तज्ज्ञ विनी डन यांनी १९९७ मध्ये या प्रकाराचे एक सुटसुटीत चित्र मांडले. आपल्या भाषेत ते समजावयास ‘उंबरठा’ हा शब्द फार उपयोगी पडतो. प्रत्येक संवेदनेला मेंदूच्या दारात एक उंबरठा ओलांडावा लागतो. कोणाचा उंबरठा बुटका असतो. जराशी चाहूल लागली तरी ती थेट माजघरात शिरते. कोणाचा उंच असतो. मोठ्याने हाक मारल्याखेरीज आत काही पोचत नाही.

उंबरठा बुटका असलेल्यांपैकी काही मुले पळ काढतात, दार लावून घेतात, जत्रेला येत नाहीत, ठरावीक तीन पदार्थांपलीकडे खात नाहीत. काही पळत नाहीत. बसल्या जागी चिडतात, रडतात, कुरकुरतात. उंबरठा उंच असलेल्यांपैकी काही मुले संवेदना मिळवण्यासाठी धडपडतात: उड्या, ढकलाढकली, चावणे, हुंगणे, प्रत्येक वस्तूला हात लावणे. उरलेली काही शांतच असतात. नाव घेतले तरी पाहत नाहीत, नाक वाहते ते पुसत नाहीत, तोंडाला लागलेले अन्न तसेच राहते. या शेवटच्या गटाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण ती मुले कोणाला त्रास देत नाहीत. शिक्षकांनी खरे तर त्यांच्याच बाकाकडे आधी वळावे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकाच मुलाचा एका जाणिवेचा उंबरठा बुटका आणि दुसरीचा उंच असू शकतो. आवाजाला भिणारे मूल उड्या मारण्यास आसुसलेले असते. शिवाय हे सारे वेळेवर आणि थकव्यावर अवलंबून असते. सकाळी जे सहन होते ते दुपारी होत नाही. “काल तर नीट बसला होता, आज मुद्दाम करतो आहे,” हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

नाशिककरांना उदाहरणे दूर शोधावयास नकोत. नाशिक ढोल ही या शहराची ओळख. त्याचा ठोका सामान्य माणसाच्या छातीत उत्साह भरतो. परंतु ज्याचा उंबरठा बुटका आहे अशा मुलाला तो छातीवरचा प्रहार वाटतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडींत रंगाच्या पाण्यात उडी घेण्याची चाल आहे. ते पाणी अंगावर उडाले की किंचाळत सुटणारे मूल भित्रे असते असे नाही. अनपेक्षित, ओल्या, थंड स्पर्शाची त्याच्या त्वचेला खरोखरच वेदना होत असते. मिरवणूक बंद करा असे कोणी म्हणत नाही. त्या मुलाला खांद्यावर बसवून ढोलासमोर नेणे मात्र बंद करता येते.

‘व्यवसाय’ म्हणजे नोकरी नव्हे

या शाखेच्या मराठी नावाने थोडा घोटाळा केला आहे. व्यवसायोपचार म्हटले की अपंगांना शिवणकाम, खुर्च्या विणणे इत्यादी धंदे शिकविणे, अशी समजूत होते. येथे व्यवसाय याचा अर्थ माणसाचा दिवस ज्या कामांनी व्यापलेला असतो ती सर्व कामे असा आहे: दात घासणे, अंघोळ, जेवण, शाळा, खेळ, शेतकाम, स्वयंपाक, देवदर्शन, झोप. बालकाचा मुख्य व्यवसाय खेळ. आजार, अपंगत्व वा अन्य कारणाने ही कामे अडत असतील तर ती पुन्हा साधावीत यासाठी व्यक्तीची क्षमता, काम करण्याची रीत आणि आजूबाजूची परिस्थिती या तिन्हींत फेरफार करणे, हे व्यवसायोपचाराचे सूत्र आहे.

महाराष्ट्राला या क्षेत्रात अग्रमान आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आशियातील व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. त्यामागे होत्या कमलाताई निंबकर. जन्माने अमेरिकन, विवाहाने मराठी घरात आलेल्या या बाईंनी चाळिशी उलटल्यावर मायदेशी जाऊन हा विषय शिकून घेतला आणि तो मुंबईत आणला. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने चालते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली. त्यानंतर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या शीव व नायर रुग्णालयांत हा अभ्यासक्रम आला. राज्यात २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद झाली, आणि २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक चौकट मिळाली.

संवेदनांच्या जुळणीचा विचार या शाखेत आणला तो कॅलिफोर्नियातील जीन आयर्स यांनी. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांचे स्पर्श, तोल आणि स्नायूंचे ज्ञान तपासता तपासता, अक्षर वळत नाही याचे कारण कित्येकदा डोळ्यांत वा बुद्धीत नसून शरीराच्या या मूलभूत जाणिवांत असावे, असे मत त्यांनी मांडले. त्यांचा या विषयावरील प्रमुख ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपचार कसा चालतो

व्यवसायोपचारकाच्या खोलीत शिरणाऱ्या पालकांचा प्रथम विरस होण्याचा संभव असतो. औषध नाही, सुई नाही, यंत्र नाही. छताला टांगलेली झोळी, गाद्या, चेंडू, वाळूचे वा धान्याचे घमेले, चढण्याची शिडी. ‘हे तर खेळणे झाले’ असे वाटते. ते खेळणेच आहे. फक्त कोणता खेळ, किती वेळ, कोणत्या क्रमाने आणि कोठे थांबायचे हे मुलाच्या प्रतिसादाकडे डोळे लावून ठरविलेले असते. मूल स्वतःहून पुढे सरसावेल इतपत अवघड आणि हिरमुसणार नाही इतपत सोपे, असे काम त्याच्यापुढे ठेवण्यात उपचारकाचे कसब असते.

परंतु या खोलीपेक्षाही महत्त्वाचे काम घरी आणि शाळेत होते. समजा, सात वर्षांच्या एका मुलाचे लिखाण कधीच पुरे होत नाही. उपचारक प्रथम वही पाहत नाही, बसणे पाहतो. बाक उंच, पाय अधांतरी लोंबकळत आहेत. तोल सांभाळण्यातच मुलाची निम्मी शक्ती खर्च होते आहे. पायांखाली लाकडी पाट येतो. पेन्सिल मुठीत आवळून धरली जाते, म्हणून तिच्यावर जाडसर दोरा गुंडाळला जातो. लिहावयास बसण्यापूर्वी पाच मिनिटे दोन्ही हातांनी भिंत ढकलणे, फळा पुसणे, पाण्याची कळशी उचलून आणणे अशी जोराची कामे दिली जातात. स्नायूंना ताण मिळाला की पुष्कळ मुले अधिक स्थिरपणे बसतात. यांतील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. मात्र या मुलासाठी पाट आणि त्या मुलासाठी भिंत, हे ठरविण्यास जाणता माणूस लागतो.

केस कापणे हा अनेक घरांत महिन्याकाठी येणारा रणसंग्राम असतो. दोघांनी धरून ठेवायचे, तिसऱ्याने कापायचे. दर वेळी भीती वाढत जाते. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा मुलांना सर्वांत असह्य होतो, तर घट्ट दाब पुष्कळांना शांत करतो, हे एकदा कळले की वाट सापडते. आधी पंचाने डोके जोर देऊन चोळावे. यंत्राऐवजी कात्री वापरावी. गिऱ्हाईक नसेल अशी वेळ न्हाव्याला विचारून ठेवावी. मानेवर केस पडू नयेत म्हणून घरचा ओळखीचा टॉवेल न्यावा. आता किती वेळा कात्री चालणार ते मोजून सांगावे आणि तेवढ्यावर खरोखरच थांबावे. अर्धेच केस कापून घरी परतावे लागले तरी हरकत नाही. ढोल, फटाके, लग्नाचा बँड यांबाबतही हेच: आधी सांगणे, दूर उभे राहणे, कान झाकण्याचे साधन जवळ ठेवणे आणि निघून येण्याची वाट मोकळी ठेवणे. हे कानांवरचे साधन दिवसभर घालू देऊ नये; एरवी साध्या आवाजांचीही सवय मोडते.

जेवणाचा प्रश्न अधिक गंभीर आहे, विशेषतः ज्या तालुक्यांत कुपोषणाची काळजी आहे तेथे. मऊ भात चालतो पण त्यात काही कडक लागले की घास बाहेर, अशा मुलाची अंगणवाडीच्या नोंदीत ‘खात नाही’ एवढीच दखल होते. दटावून, नाक दाबून भरविले तर उरलेले दोन पदार्थही सुटण्याची भीती असते. आवडत्या पदार्थाच्या शेजारी नव्याचा कणभर ठेवणे, तो हाताळू देणे, हुंगू देणे, खाण्याची सक्ती न करणे, अशा संथ वाटेने पदार्थ वाढविता येतात. वजन घटत असेल वा ठसका लागत असेल तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावयास हवे.

किती भरवसा ठेवावा

शासकीय मासिकातून एखाद्या उपचाराविषयी लिहिताना त्याची मर्यादा सांगणे हे वाचकांचे ऋण असते, आणि ही मर्यादा लहान नाही. ‘संवेदन-प्रक्रियेचा विकार’ असे स्वतंत्र निदान करावे की नाही याबद्दल वैद्यकजगतात एकमत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१२ मध्ये असे स्वतंत्र निदान सामान्यतः करू नये, अशी भूमिका घेतली; त्याच वेळी, संवेदनांवर आधारलेला व्यवसायोपचार हा समग्र उपचारयोजनेचा एक भाग म्हणून ग्राह्य असू शकतो, मात्र त्याचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावे, असेही म्हटले. दुसरीकडे, अमेरिकेच्या मनोविकार-तज्ज्ञांनी २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निकषांत संवेदनांना अतिरेकी वा अत्यल्प प्रतिसाद हे लक्षण समाविष्ट केले. भारतात सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये तयार केलेल्या स्वमग्नता-मापनश्रेणीतही संवेदनांचा स्वतंत्र विभाग आहे. त्रास खरा आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याला कोणते नाव द्यावे आणि कोणत्या उपचाराने किती गुण येतो याबद्दल.

ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षे वयाच्या १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आयर्स यांच्या पद्धतीच्या उपचाराचा, नेहमी मिळणाऱ्या सेवेच्या तुलनेत, मुलांच्या वर्तनावर सरसकट अधिक लाभ त्यात दिसून आला नाही. यावरून सर्व व्यवसायोपचार निरुपयोगी, असे म्हणणे चूक होईल. पायांखालचा पाट आणि कात्रीची मोजदाद यांचा लाभ त्याच आठवड्यात डोळ्यांना दिसतो, कारण तेथे मुलाच्या मेंदूत बदल घडविण्याचा दावा नसतो. अडलेले काम सोडविलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या गावांना पहिल्या प्रथम गरज आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या मदतीची.

म्हणूनच पालकांनी उपचार सुरू करतानाच उद्दिष्ट साध्या भाषेत लिहून घ्यावे: ‘तीन महिन्यांत स्वतः शर्ट घालेल’, ‘घंटा वाजल्यावर वर्गात राहील’. मुदत संपल्यावर ते साधले की नाही ते पाहावे. वर्षभराचे पैसे आगाऊ मागणारा आणि पूर्ण बरे करण्याची हमी देणारा भेटला तर सावध राहावे. आधी कानांची व डोळ्यांची तपासणी झालीच पाहिजे. हाकेला ओ न देणारे मूल कित्येकदा केवळ कमी ऐकत असते. जड गोधडी अंगावर टाकून लहान मुलांना निजविण्याचा प्रयोग जाणकाराच्या सल्ल्यावाचून करू नये, गुदमरण्याचा धोका असतो.

प्रमाणाबद्दलही जपून बोलावे लागते. अमेरिकेतील एका शाळा-विभागात बालवर्गाच्या पालकांकडून माहिती घेऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किमान ५.३ टक्के मुलांत असा त्रास असावा, असा अंदाज निघाला. तो पालकांच्या सांगण्यावर आधारलेला होता आणि त्यावरून नाशिक जिल्ह्याचा हिशेब मांडणे योग्य नव्हे.

शाळा आणि आश्रमशाळा

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे, म्हणून आश्रमशाळांचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो. घरी राहणाऱ्या मुलाच्या खोडी आईला ठाऊक असतात. कोणते फडके अंगाला चालते, कोणत्या कुशीवर निजवायचे, हे ती न सांगता सांभाळते. तेच मूल सहाव्या-सातव्या वर्षी वसतिगृहात येते तेव्हा हे सारे ज्ञान पाड्यावरच राहते. शंभर ताटांचा एकदम होणारा खणखणाट, थंड पाण्याची घाईची अंघोळ, नवे खरखरीत पांघरूण, अनोळखी भाषेतील सूचना: साध्या मुलालाही जुळवून घेण्यास वेळ लागतो. पळून जाणाऱ्या, भिंतीच्या कोपऱ्यात बसून राहणाऱ्या, जेवणाच्या वेळी दडून बसणाऱ्या मुलांपैकी काहींचे दुखणे येथे असणे शक्य आहे. प्रवेशाच्या दिवशी अधीक्षकांनी पालकांना दोनच प्रश्न विचारावेत: याला काय सोसवत नाही, आणि रडू लागले की कशाने शांत होते. उत्तरे नोंदवहीत उतरवून घ्यावीत. जेवणघरात दाराजवळची, भिंतीलगतची जागा अशा मुलाला देण्यास कोणत्याही मंजुरीची गरज नाही.

शिक्षा हा यावरचा उपाय नाही, आणि तो कायद्यानेही राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम १७ मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई करते. खोली बदलणे, जागा बदलणे, मधूनमधून उठून फिरू देणे, याला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाजवी सोयसवलत म्हटले आहे, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती देणे मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे. शाळांतील दिव्यांग मुले हुडकण्यासाठी दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याची तरतूदही त्यात आहे.

या अधिनियमाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. केवळ संवेदनांच्या त्रासाचे स्वतंत्र नाव नाही. तेव्हा त्या नावाने प्रमाणपत्र मिळणार नाही. सोबत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात असे काही असल्यास मिळू शकेल. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध अक्षमता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना असून, तिच्यातील १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात अशा उपचारांच्या खर्चाचाही अंतर्भाव होतो.

मोठेपणी हा त्रास आपोआप ओसरतोच असे नाही. सातपूर-अंबडच्या यंत्रांच्या आवाजात दोन दिवसही न टिकणारा तरुण रोपवाटिकेत उत्तम काम करू शकतो. कामाची निवड आणि जागेची रचना हाही व्यवसायोपचाराचाच प्रांत आहे. नाशकात रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या काळी शहरातदेखील अशी मुले घराच्या आतल्या खोलीत असत, हे लक्षात घेतले म्हणजे अशा कामाचे मोल कळते.

गावातून जिल्ह्यापर्यंतची वाट

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब शोधणे हा त्याचा हेतू. फिरती पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था आहे. तेथील चमूत बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबर भौतिकोपचारक वा व्यवसायोपचारकाचे पद योजिलेले आहे. सेवेसाठी पालकांना पैसे द्यावे लागत नाहीत. अडचण असते ती वाटखर्चाची आणि बुडणाऱ्या मजुरीची. सुरगाण्याहून नाशिकला दर पंधरवड्याला मूल घेऊन येणे कोणत्या मजूर कुटुंबाला परवडेल? ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा आहे. प्रमाणपत्रधारक मुलांच्या उपचार-प्रवासाचा विचार या निधीचे नियोजन करताना ग्रामसभेत मांडता येईल. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला असल्याने पाठपुराव्यासाठी दारही निश्चित झाले आहे.

पथकाला एका मुलाजवळ थोडीच मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात कान झाकणारे मूल कान झाकीलच असे नाही. यास्तव शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवावी: काय घडले, त्याच्या लगेच आधी काय झाले होते, किती वाजले होते आणि मूल कशाने शांत झाले. ‘हट्टी आहे’ असे लिहू नये. ‘प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपक सुरू होताच मैदानाबाहेर पळाला, दहा मिनिटे झाडाखाली बसला, नंतर आपणहून आला’ असे लिहावे. पथकाची तारीख तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात विचारून घ्यावी, त्या दिवशी मुलाच्या आईला वा आजीला शाळेत बोलवावे आणि ही वही त्यांच्या हाती द्यावी.